सातव्या वाफ्यातली माती

मच्छिंद्र गुरुजी रोज सकाळी आठच्या ठोक्याला धर्मराज आप्पांच्या ओसरीवर हजर होत. काम काहीच नसे. पेन्शनीत निघालेल्या मास्तराला कसलं आलंय काम? पण बायको तुळजाबाई गेल्यापासून दोन वर्षं घरात स्वतःच्याच खोकल्याचा आवाज ऐकून ते विटले होते. आप्पा बोलत कमी, पण निदान दुसऱ्या माणसाचा खोकला तरी कानावर पडे.

धर्मराज शहागडकरांची हयात निजाम सरकारच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीत गेली होती. तुपाच्या बुधल्यातली अफू आणि नवरीच्या रुखवतातलं रेशीम त्यांनी नुसत्या नजरेनं हुडकून काढलं होतं. नोकरी सुटली तरी नजर सुटली नाही. चोरी-लबाडीची भानगड घेऊन लोक जालन्यात त्यांचं घर विचारत येत. गुरुजी सोबतीला असत. सोबतीपलीकडे आपला उपयोग काय, हे आप्पांनी कधी सांगितलं नव्हतं आणि गुरुजींनी भीतीपोटी विचारलं नव्हतं.

फसली तेराशे पंचेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीसच्या माघातला सोमवार होता. बुरख्यातली एक बाई पायरीशी येऊन उभी राहिली. पोटुशी होती आणि दमलेली होती.

"धर्मराज आप्पा तुमीच का?" तिनं विचारलं. "माझा नवरा चोर न्हाई."

"बसा आधी," आप्पा म्हणाले. "गुरुजी, पाणी."

तिचं नाव कमरबी. माहेर जालन्याचं, नवरा अजमत राजूरच्या अलीकडे प्रयोगाच्या मळ्यावर नोकरीला. तिथे डॉक्टर भुजंगराव टाकळीकर कांद्याच्या मुळाशी असलेल्या मातीतले जंतू मोजत आणि अजमत त्यांना मदत करी. जंतू बघायचं पितळी यंत्र सरकारी, परदेशातून आलेलं. मळ्यावर सगळे त्याला दुर्बीण म्हणत. ती दुर्बीण नाहीशी झाली होती.

"मंगळवारी अंगारकी होती," कमरबी सांगू लागली. "सारा मळा राजूरला गणपतीला गेल्ता. हे डाकखान्याच्या कामानं जालन्याला आल्ते, सांजच्याला परतले. मी आपली घरात. बुधवारी सकाळी डाक्टरसाहेबानं कपाट उघडलं, तर दुर्बीण गायब. कुलूप बराबर जागेवर. चावी कुठं ठिवतेत ते साहेबाला अन् यांनाच ठाऊक. बस, हेच चोर ठरले. आज दुपारी अमीनसाहेब येऊन यांना भोकरदनला न्हेणार हायेत."

अमीन म्हणजे पोलीस अंमलदार. एकदा त्याच्याबरोबर माणूस गेला की तो कधी परत येईल, आणि आला तर नोकरी असेल का, हे कुणी सांगू शकत नसे. बाळंतपण दीड महिन्यावर आलं होतं.

"मळ्यावर तुमच्या बाजूचं कुणी?"

"कोन ऱ्हातंय आप्पासाहेब? समदे फिरले. रखमाजी चाचा मळ्याचा माळी हाय, घरच्यावानी. दर अंगारकीला राजूरहून आला की आधी माझ्या हातावर परसाद ठिवनार. ह्या बारीला तोबी न्हाई. सांजंला दारावरून गेला, खाली मान घालून. मंग शनवारी आपणहून आला अन् म्हणला, पोरी, जालन्याला धर्मराज आप्पा हाय, त्याच्याकडं जा. त्याच्यापासून काई लपत न्हाई."

आप्पा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"परसाद आणला नाही, तो मंगळवारी संध्याकाळी?"

"हाव."

"गुरुजी," आप्पा उठले, "जल्दी टांगा सांगा."

जालन्यापासून मळा तीन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना हरभरा आणि बाभळी, मध्येच एखादी विहीर, आणि माणूस औषधालाही नाही. इतक्या उजाड जागी कुणी वर्षानुवर्षं कसं राहत असेल, असं गुरुजींच्या मनात आलं. मग त्यांना वाटलं, आपण तरी भर वस्तीत काय वेगळं करतो? त्यांनी उपरणं कानाला गुंडाळलं.

मळा छोटा होता. पत्र्याचा बंगला, दोन खोल्या नोकरांच्या, विहिरीजवळ एक झोपडी आणि पडवीसमोर कांद्याचे दहा वाफे. वाफ्यांच्या कडेनं एक लांब पट्टा रिकामा ठेवलेला. पडवीत पोलिसांचा शिपाई बाकावर बसून वाफ्यांकडे बघत जांभया देत होता.

डॉक्टर भुजंगराव पन्नाशीचे, सडेफटिंग, वाकून वाकून पाठीला पोक आलेले. सुरुवातीला आसपासचे लोक त्यांच्याकडे तापावर औषध मागायला येत आणि हा मातीचा डॉक्टर आहे हे कळल्यावर हिरमुसून परत जात. आता तेही येत नव्हते.

"वरून हुकूम आलाय," ते म्हणाले. "मळा बंद. जमीन कुणाला तरी खंडानं देतील. मी येत्या शुक्रवारी चार्ज देऊन हैदराबादला निघणार होतो. पण यंत्र सुपूर्द केल्याशिवाय मला इथून पाऊल हलवता येत नाही."

"म्हणजे चोरीनं तुम्ही अडकलात," आप्पा म्हणाले.

"अडकलोच की. आणि ज्याला हाताला धरून काम शिकवलं त्यानं अडकवलं, याचं जास्त वाईट वाटतं."

कामाच्या खोलीत टेबल, डॉक्टरांची खुर्ची आणि अजमतचं स्टूल होतं. खुर्चीवर डॉक्टर बसले, स्टुलावर आप्पा. गुरुजींनी इकडे तिकडे पाहिलं. भिंतीशी घडी घातलेलं एक गोणपाट होतं, मधोमध चांगलं दबलेलं. गुडघे कुरकुरत ते त्यावर टेकले. बैठक मोठी सुखाची होती.

"कपाटाची चावी कुठे असते?"

"या वहीखाली. खोलीला नुसती कडी आहे, पण चावीची जागा कुणाला माहीत असणार? इथे मी आणि अजमत, बस. तिसरं कुणी येत नाही."

आप्पांनी मान डोलावली. टेबलावर झाकणाच्या काचेच्या ताटल्या ओळीनं मांडल्या होत्या. त्यांत खळीसारखं काहीतरी थिजलेलं होतं आणि त्यावर पांढरे ठिपके उठले होते. "हे काय?"

एवढं विचारल्यावर डॉक्टरांचा चेहराच बदलला. कुणी विचारायची ते वाटच बघत असावेत.

"कांद्याच्या मुळातून रस पाझरतो. त्या रसावर जंतू जगतात. मुळालगतच्या चिमूटभर मातीत चार कोटी जंतू सापडतात! चार बोटं लांब गेलात की वस्ती विरळ. तो रिकामा पट्टा पाहिलात? तिथल्या चिमटीत तीस-चाळीस लाख, आणि हातभर खोल गेलं की त्याहून कमी. दर गुरुवारी आम्ही प्रत्येक वाफ्यातला एक कांदा काढतो. मुळाची माती उकळून गार केलेल्या पाण्यात घुसळायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचं आणि थेंबभर या खळीवर पसरायचं. चार दिवसांत एकेका जंतूचा एकेक ठिपका होतो. ठिपके मोजले की हिशेब लागतो. याला दुर्बीण लागत नाही, म्हणून चोरी झाली तरी गुरुवार चुकवला नाही. अकरा वर्षांत एकही गुरुवार चुकवलेला नाही."

गुरुजींनी पाहिलं. ताटल्यांवर साबुदाणा सांडल्यासारखे ठिपके दाटले होते. फक्त दोन ताटल्यांत ते इथे एक तिथे एक असे होते. एकीवर चिठ्ठी होती 'रिकामा पट्टा', दुसरीवर 'वाफा सात'.

"सातवी आज सकाळीच मोजली," डॉक्टर कडवटपणे म्हणाले. "तेवीस लाख! त्याच्या आदल्या गुरुवारी याच वाफ्यात चार कोटी होते. रिकाम्या पट्ट्याची माती सातव्याच्या बाटलीत भरली, दुसरं काय? चोरी केली ती केली, वर माझं कामही नासवलं."

"पट्ट्याच्या ताटलीत किती आले?"

"छत्तीस लाख."

"हं," आप्पा म्हणाले आणि उठले.

अजमत नोकरांच्या खोलीत गुडघ्यात डोकं घालून बसला होता. पंचविशीतला सडपातळ पोरगा, दाढी वाढलेली. बायकोला दारात पाहून तो उठला आणि पुन्हा खाली बसला.

"सातव्या वाफ्याची बाटली चुकली का?" आप्पांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई साहेब. शिपाई मागं उभा होता, त्याला विचारा. वाफ्यावरच बूच लावलं, नंबर लिहिला."

"कांदा कसा काढता?"

"खुरप्यानं चारी बाजूनं कापून ढेकळासकट उचलायचा. मुळीला चिकटलेली माती सांडली की सारं काम बेकार. हेच तर साहेबांनी सहा साल शिकवलं. पन सातव्यात ढेकूळ आलंच न्हाई. कांदा अलगद हातात आला, माती गळून पडली. जी ऱ्हायली ती भरली."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

अजमत कसनुसा हसला. "गुरुवारी साहेब माझ्याशी बोलून राह्यले होते का?"

मुकादम पुंजाराम पागोटं सावरत आपणच पुढे आला. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. "मी गाडी हाकली. डाक्टरसाहेब गाडीत. राजूरला जाताना संगं, येताना संगं. माझ्यावर कोन बोट ठिवतंय?"

"कुणी ठेवलं नाही," आप्पा म्हणाले. "सातव्या वाफ्यात मधल्या कांद्यांचे शेंडे गेलेत, येताना पाहिलं; ते कशानं?"

"सशानं खाल्ले आसतील. मी काय वाफ्यात वाकून बघतो व्हय? आमच्या घरात कुनी लावणीला बसलं न्हाई कधी."

"आणि रखमाजी? तो गाडीत नव्हता?"

"त्यो पायी येतो म्हणला. म्हातारं येडं हाय हो. ना बायको, ना लेकरू. दिस बुडाला की डाक्टरसाहेबाच्या खोलीत जाऊन बसतंय. साहेब त्याला दुर्बिणीतून जंतू दाखिवतेत. अकरा साल झाले. त्याला वाटतं, ते त्याचंच गाव हाय." पुंजाराम पोट धरून हसला. बाकी कुणी हसलं नाही.

रखमाजी पाटाच्या कडेला उशिराचा वाफा लावत होता. सत्तरीचा असेल. रोपांची जुडी पाटाच्या पाण्यात खळबळून धुवायची, पातीचे शेंडे विळ्यानं एका घावात छाटायचे, आणि एकेक रोप अंगठ्यानं चिखलात दाबायचं. हात थांबतच नव्हते.

"अंगारकीला गेल्ता का, रखमाजी?" आप्पा बांधावर बसले.

"गेल्तो. पायी."

"दर्शन झालं?"

"झालं."

गुरुजींना शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी भाबडेपणानं विचारलं, "शेंडे का कापता?"

"लांब पात आसली की कलंडतं रोप, पाणी लई मागतं." म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. कुणी काही विचारलं, याचं त्यालाही बरं वाटलं असावं. "अन् मुळी धुतली की मोकळी व्हती, नीट बसती. हाताला सवयच झाली गुरुजी. झोपंत सांगितलं तरी करीन."

"डॉक्टर जाणार, हे त्यांनी सांगितलं तुम्हाला?" आप्पांनी विचारलं.

"मुकादमानं सांगितलं." दोन रोपं लावून झाली. "अकरा साल," तो म्हणाला आणि त्यानं पुढचं रोप उचललं.

आप्पा सातव्या वाफ्याशी जाऊन उभे राहिले. मधले पंधरा-वीस कांदे बोडके होते, शेंडे एका रेषेत गेलेले.

"काय दिसतं, गुरुजी?"

"सशानं खाल्लेलं."

"ससा कुरतडतो, वेडंवाकडं. हे सरळ आहे. आणखी?"

गुरुजींनी पुष्कळ डोळे ताणले. "आणखी काही नाही, आप्पा."

"मग सगळ्यांना बोलवा. अमीन यायच्या आत उरकू."

पडवीत सगळे जमले. डॉक्टर खुर्चीत, अजमत शिपायाशेजारी, कमरबी खांबाशी, पुंजाराम पायरीवर. रखमाजी खाली अंगणात उभा राहिला. त्याच्या हाताचा चिखल वाळला नव्हता.

"डॉक्टरसाहेब," आप्पांनी सुरुवात केली, "अजमत खोटं बोलतो असं धरून तुम्ही त्या ताटलीकडे पाहिलंत. मी उलटं धरलं. अजमत खरं बोलतो आणि ताटलीही खरं बोलते. बाटली बदललेली नाही. सातव्या वाफ्यातल्या मुळाशी खरोखरच तेवीस लाख जंतू होते."

"शक्य नाही! दोन महिने उभा असलेला कांदा आहे तो. त्याच्या मुळाशी..."

"दोन महिने तिथेच उभा असता तर. तो कांदा उपटून पुन्हा लावलाय. मुळ्या धुतल्या, तेव्हा त्यांना चिकटलेली वस्ती पाण्याबरोबर गेली. भोवती आली ती खड्ड्यातून निघालेली खोलची माती. पट्ट्याच्या वरच्या मातीत छत्तीस लाख आणि इथे त्याहूनही कमी, ते त्यामुळे. म्हणून ढेकूळ आलं नाही आणि कांदा अलगद हातात आला. खड्डा कशासाठी खणला, ते आता सांगायला नको."

डॉक्टर अर्धवट उठले आणि वाफ्यांकडे बघत तसेच राहिले. गेल्या सहा दिवसांत ते दिवसातून दहा वेळा त्या वाफ्यावरून गेले असतील.

"आता खणला कुणी? अजमतनं नाही. यंत्र त्यानं पुरलं असतं, तर आपल्याच खड्ड्यावरची माती तो तपासायला आणता का? आणि कांदा मातीसकट उचलायची त्याच्या हाताला सवय. मुळ्या धुणं त्याला जमलंच नसतं. मुकादम दिवसभर राजूरला, आणि त्यांना कांदा लावता येत नाही, याचाच त्यांना अभिमान. ज्यानं ते कांदे परत लावले, त्यानं लपवालपवीच्या घाईतही मुळ्या धुतल्या आणि शेंडे छाटले. गरज नव्हती. शेंडे ठेवले असते तर तो वाफा कुणाच्या नजरेत आला नसता. पण हात लावणीचा होता. रोप हातात आलं की आपलं काम करून मोकळा झाला."

कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

"मंगळवारी संध्याकाळी चोरी कुणालाच माहीत नव्हती. तरी त्या संध्याकाळी एका माणसानं कमरबीची नजर चुकवली. त्याच्याजवळ प्रसाद नव्हता, कारण तो राजूरला गेलाच नव्हता. शिपाईदादा, फावडं आणा."

"फावडं नगं." रखमाजीचा आवाज चिरका आला. "काचंला लागंल. मी काढतो."

तो वाफ्यात उतरला. एकेक कांदा उपटून त्यानं बांधावर नीट ओळीनं ठेवला आणि हातांनीच माती उकरायला लागला. हातभर खाली गोणपाट लागलं, त्याच्या आत तेल लावलेलं कापड, त्याच्या आत लाकडी पेटी. पेटी त्यानं छातीशी धरून पडवीत आणली आणि डॉक्टरांच्या पायाशी ठेवली. आत पितळ जसंच्या तसं लखलखत होतं.

कमरबी खांबाला धरून खाली बसली आणि बुरख्याआड रडू लागली.

"का?" डॉक्टर एवढंच म्हणाले.

"तेवढं मलाही उलगडत नाही," आप्पा म्हणाले. "विकलं नाही, फोडलं नाही. पोटच्या पोरासारखं गुंडाळून पुरलं. कशासाठी?"

आणि मच्छिंद्र गुरुजी बोलले. आपण बोलणार आहोत, हे त्यांनाही आधी माहीत नव्हतं.

"मी सांगतो. यंत्र सुपूर्द केल्याशिवाय तुम्हाला हलता येत नाही, डॉक्टरसाहेब. त्यांना एवढंच पाहिजे होतं." आता थांबणं त्यांना जमेना. "खोलीत कोण येतं, असं विचारल्यावर तुम्ही दोनच माणसं सांगितलीत. मी ज्या गोणपाटावर बसलो, ते तिसऱ्याचं होतं. अकरा वर्षं बसून बसून दबलंय. चिमूटभर मातीतले चार कोटी तुम्ही मोजता, साहेब. हा एक माणूस तुमच्या मोजण्यात आला नाही. दिवस बुडाल्यावर कुठे जायचं हे ज्याला माहीत नसतं, त्याची संध्याकाळ कशी असते, ते मला माहीत आहे."

आप्पांनी गुरुजींकडे पाहिलं. दोन वर्षांत त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

"दोन-चार म्हैने आणखी ऱ्हातील, वाटलं," रखमाजी म्हणाला. "पुन्हा दिऊनच टाकनार होतो. अजमतवर येईल आसं मनातबी न्हवतं. बुधवारीच शिपाई बसला, उकरायला जागा ऱ्हायली न्हाई. कबूल करायला दोनदा आलो, पडवीतूनच माघारी गेलो. जीभ उचलंना. मंग पोरीला तुमच्याकडं धाडलं."

अजमत पुढे आला. "सहा दिस, चाचा. ही सहा दिस नीट जेवली न्हाई. माझ्या अम्मीला जालन्यात लोक तोंडावर बोलले. तू रोज बघून राह्यला होता."

"हाव," रखमाजीनं हात जोडले. "बघून राह्यलो होतो."

अजमतनं तोंड फिरवलं. त्यानं त्याला माफ केलं नाही, आणि माफ करावं असं तिथे कुणी म्हणालंही नाही.

"मला थांबा म्हणायचं होतंस, रखमाजी," डॉक्टर हळूच म्हणाले.

"म्हणलो आसतो, तर थांबले आसते का?"

डॉक्टर रुमालानं पितळ पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

अमीनसाहेब घोड्यावरून उतरले, तेव्हा डॉक्टरांनी कागद लिहून ठेवला होता: यंत्र मिळालं, अजमतवरचा संशय ही माझी चूक, त्याच्या इमानाबद्दल मी ग्वाही देतो. खाली सही आणि शिक्का. "पण पुरलं कुणी?" अमीननी विचारलं. रखमाजी एक पाऊल पुढे आला. डॉक्टर मध्येच म्हणाले, "मळ्यातलीच चूक आहे. माझी तक्रार नाही." अमीननी म्हाताऱ्याच्या चिखलाच्या हातांकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि चहा मागवला.

डॉक्टर शुक्रवारी जाणार हे ठरलंच होतं. अजमतचंही हैदराबादला जायचं ठरलं. डॉक्टरांनी तिथल्या नोकरीसाठी चिठ्ठी दिली आणि कमरबीनं ती नवऱ्याच्या हातातून घेऊन स्वतःजवळ ठेवली. "दुर्बीण माझ्या हवाली करून जाऊ नका," असं डॉक्टरांना दोनदा बजावून पुंजाराम बैल सोडायला गेला.

टांगा जुंपला होता. आप्पा चढून बसले. "चला गुरुजी, दिवस मावळायच्या आत अर्धा रस्ता कापू. आज तुम्ही मला हरवलंत. माणूस आणि जागा मी सांगितली, पण खरी गाठ तुम्ही सोडवलीत."

हे ऐकण्यासाठी गुरुजी दोन वर्षं थांबले होते. पण आता त्यांचं लक्ष नव्हतं. रखमाजी सातव्या वाफ्यात उतरून खड्डा बुजवत होता. डॉक्टर खोलीत पेट्या भरत होते आणि खोलीचं दार लावलेलं होतं.

"तुम्ही जा, आप्पा."

"म्हणजे?"

"मी उद्या येतो. नाहीतर परवा. घरी कोण वाट बघतंय माझी?"

आप्पांनी स्वतःची घोंगडी काढून गुरुजींच्या हातात दिली आणि टांगेवाल्याला चल म्हणाले.

गुरुजी धोतर सावरत वाफ्यात उतरले. बांधावरच्या ओळीतला एक कांदा त्यांनी उचलला आणि जमेल तसा चिखलात खोचला. तो आडवा झाला.

"तुमी न्हाई गेले?" रखमाजीनं विचारलं.

"नाही."

"कशापायी?"

गुरुजींनी आयुष्यभर पोरांना उत्तरं सांगितली होती, पण हे त्यांतलं नव्हतं. "आज संध्याकाळी बसू कुठेतरी," ते म्हणाले. "दोघं."

रखमाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. येतो म्हणणारी, राहतो म्हणणारी माणसं त्यानं पुष्कळ पाहिली असणार. मग त्यानं आडवा झालेला कांदा उचलून सरळ लावला आणि गुरुजींना बसता यावं म्हणून बांधावर थोडा सरकला.